सत्तावीस नंबरचं ताट

"टीचर, तुम्ही नक्की काय शिकवायच्या हो?"

रिटायर झाल्यापासून हा प्रश्न मला चर्चच्या पायरीवर विचारतात, भाजीवालीच्या टोपलीपाशी विचारतात, लग्नाच्या मांडवात तर हमखास विचारतात. अख्खं गाव मला टीचर म्हणतं आणि मी आयुष्यात एकदाही फळ्यासमोर उभी राहिलेली नाही. मी मेट्रन होते. गास गावाच्या बाजूला, भाजीच्या मळ्यांना लागून आमची मुलींची निवासी शाळा. तिच्या होस्टेलमध्ये मी सव्वीस वर्षं काढली. शाळा पाचला सुटायची आणि माझी शाळा पाचला भरायची. वेणी कशी घालायची, नळ कसा बंद करायचा, चादरीची घडी, रडणाऱ्या पोरीशेजारी गप्प कसं बसायचं, हे माझे विषय. गणित येत नाही हे सहामाहीत कळतं. संडासाची कडी लावता येत नाही हे पहिल्याच दिवशी कळतं, आणि तेही सगळ्यांना.

तर या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "टीचर, तुमच्या नोकरीबद्दल लिहा." मी म्हटलं, आमची घरची बोली लिहिली तर तुमचा प्रूफ तपासणारा पळून जाईल, आणि पुस्तकी मराठी लिहिली तर माझ्या पोरी हसतील. तेव्हा जशी बोलते तशीच लिहिते. आणि सव्वीस वर्षांचं काही सांगत नाही. एका ताटाचं सांगते.

त्याआधी आमच्या धंद्यातल्या दोन गोष्टी समजून घ्या, म्हणजे पुढे अडायचं नाही.

पहिली गोष्ट पिशवीची. आमच्या मुली यायच्या लांबलांबच्या गावांतून. भातशेतीवाल्यांच्या, मिठागरांवर राबणाऱ्यांच्या, मच्छीमारांच्या. आईबाप भेटायला यायचे ते रविवारी. मी गेटपाशी खुर्ची टाकून बसायची आणि लांबूनच ओळखायची, हा माणूस कशाला आलाय. भरलेली पिशवी म्हणजे भेटायला आलाय: पिशवीत चिंचा, लाडू, आजीने दिलेली तांदळाची भाकरी. रिकामी पिशवी म्हणजे न्यायला आलाय: त्यात मुलीचे कपडे भरायचे आणि चालायला लागायचं. रिकामी पिशवी दिसली की मी खुर्चीतून उठून उभी राहायची. कारण आमच्याकडून नेलेली पोरगी दुसऱ्या शाळेत जात नसे. ती घरी जायची, आणि घरीच राहायची.

दुसरी गोष्ट नंबरांची. माझ्या मोठ्या हॉलमध्ये पाचवी-सहावीच्या एकतीस मुली. प्रत्येकीच्या फ्रॉकवर, चादरीवर, टॉवेलवर लाल दोऱ्याने नंबर शिवलेला, कपडे धुताना भांडणं नकोत म्हणून. मोजणीही नंबरांनीच. दिवसातून चार वेळा रांगेत उभ्या राहायच्या आणि आपापला नंबर ओरडायचा. एक, दोन, तीन, थेट एकतीसपर्यंत. एकतीस ऐकलं की मी निर्धास्त.

आता यात एक भानगड होती आणि ती मला चांगली ठाऊक होती. सकाळच्या मोजणीला कोणीतरी एक संडासात असायचीच. मग तिची शेजारीण आपला नंबर बोलायच्या आधी आवाज बदलून तिचाही बोलायची. एखादी तर असा घोगरा आवाज काढायची की मला हसू दाबावं लागायचं. मी बघून न बघितल्यासारखं करायची. म्हटलं, असू दे, एकमेकींना सांभाळतात, वाईट काय आहे त्यात? घरापासून लांब राहणाऱ्या पोरींनी एकमेकींसाठी एवढंही करू नये? मनातून मला त्याचं कौतुकच होतं. हे कौतुक मला किती महाग पडणार होतं ते पुढे कळलं.

आता शनिवारची गोष्ट. ती सुरू झाली एका उत्तरपत्रिकेमुळे. "भाजी कुठून येते?" या प्रश्नाला एका पोरीने लिहिलं, "पास्कल अंकलच्या गाडीतून." पास्कल म्हणजे आमच्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर. सकाळी बाजारातून भाजीही तोच आणायचा. वर्गात सगळ्या हसल्या. मला काही हसू आलं नाही. कुंपणापलीकडे दहा पावलांवर पालक लावलेला आणि आमच्या पोरी कुंपणाच्या आत बसून भाजीपाल्याचा धडा पाठ करतात, म्हणजे शरमेची गोष्ट की नाही? मी मुख्याध्यापक सरांच्या मागे लागले. सर भले माणूस, पण सावध. ताकही फुंकून पिणारे. तीन महिने माझं टुमणं ऐकून कंटाळले आणि म्हणाले, "शनिवारी सकाळी न्या. पण जबाबदारी तुमची."

असा आमचा 'बाहेरचा शनिवार' चालू झाला. पद्धत अशी, की दोघींची जोडी करायची, प्रत्येक जोडीला चिठ्ठीवर एक प्रश्न द्यायचा. उत्तर मला माहीत असता कामा नये, ही माझी अट. म्हणजे मग त्यांना तिथल्या माणसांनाच विचारावं लागे.

पहिल्या शनिवारी गेलो ते शेजारच्याच वाडीत. प्रश्न होता, केळ्याला बी कुठे असते? वाडीवाले काका जन्मभर केळी लावत आलेले. ते कमरेवर हात ठेवून उभेच राहिले. म्हणाले, "आयला, हे कधी मनातच नाय आलं." पुढच्या शनिवारी स्वतः शाळेत आले, हातात केळं आणि चाकू. कापून आतले काळे ठिपके दाखवले आणि हॉलच्या मधोमध उभं राहून भाषण दिलं. त्यानंतर बोळिंजला एका उंच बिल्डिंगीत गेलो, वरच्या मजल्यावर पाणी कसं चढतं ते बघायला. तिथल्या वॉचमनने पंप दाखवला, टाक्या दाखवल्या. पण एक पोरगी लिफ्टमधून बाहेर यायलाच तयार नाही. अकरा वेळा खालीवर केलं तिने! सोसायटीचे सेक्रेटरी माझ्यावर असे डाफरले की मी गुपचूप "सॉरी" म्हटलं आणि बाराव्या फेरीला मीच आत शिरून तिला बाहेर ओढलं. खोटं कशाला बोलू, लिफ्टमध्ये मलाही मजा आली.

पण एक अडचण होती. पोरी लाजाळू. अनोळखी माणसासमोर गेल्या की पदर तोंडात घातल्यासारख्या फिदीफिदी हसायच्या आणि न विचारताच परत यायच्या. म्हणून मी नियम काढला, आणि मोठ्या तोऱ्यात काढला: "उत्तर घेतल्याशिवाय परत यायचं नाही. काय? उत्तर घेतल्याशिवाय परत यायचं नाही!" एकतीस जणी माझ्यामागून म्हणायच्या. नियम लागू पडला. पोरी धीट झाल्या.

आता दर्शना. सत्तावीस नंबर. तुंगारेश्वरच्या डोंगराच्या पलीकडे तिचं गाव, बापाची थोडीशी भातशेती. घरातली पाचवीपर्यंत आलेली पहिलीच. किडकिडीत, कमी बोलणारी, आणि सांगितलेलं शब्दशः ऐकणारी. 'दात घास' म्हटलं की 'पुरे' म्हणेपर्यंत घासणारी. शिक्षकांना अशी मुलं फार आवडतात. मेट्रनने अशा मुलांना जपून असायला हवं, कारण आपण काय बोलतो याचा हिशेब तीच ठेवतात.

डिसेंबरातला शनिवार. आम्ही निघालो पाचूबंदरला. दर्शनाची जोडीदारीण नंबर सव्वीस तापाने आडवी, म्हणून तिला होस्टेलात ठेवलं आणि दर्शना एकटीच राहिली. तिला कुठल्यातरी जोडीत तिसरी म्हणून घालायला हवं होतं. घातलं नाही. निघायची घाई होती, दुसरं काही कारण नाही.

पाचूबंदरला पोरी हरखून गेल्या. बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, धक्क्यावर कोळणींचा लिलाव तारस्वरात चाललेला, बर्फ फोडणारे, जाळी शिवणारे. कोणाला चिठ्ठी होती, बोंबील वाळायला किती दिवस लागतात. कोणाला, बोटीचं नाव कोण ठेवतं. दर्शनाची चिठ्ठी अशी: किनारा दिसत नसला तर बोट घरी कशी येते?

साडेअकराला मी शिट्टी मारली. पोरी धावत बसमध्ये. बसमधला गोंगाट काय सांगू, त्यात प्रत्येकीला आपलं उत्तर आधी सांगायचं. मी पुढे ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, मांडीवर एका कोळणीने प्रेमाने दिलेली वाळक्या बोंबलांची पिशवी. मागे वळून न बघताच ओरडले, "मोजणी!" एक, दोन, तीन... पंचवीस. सव्वीसला सगळ्या एका सुरात, "आजारी!" मग सत्तावीस. अठ्ठावीस. एकतीस. बरोबर. मी म्हटलं, "चला पास्कल." आणि डोळे मिटून घेतले. खूश होते मी स्वतःवर.

होस्टेलात पोचलो, हातपाय धुतले, जेवायला बसलो. आमच्या स्वयंपाकीण सुनंदाताई वाढत वाढत रांगेच्या शेवटाला गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "टीचर, एक ताट उरलं."

"असेल कोणी संडासात."

"नाय, बघून आले. कोनी नाय."

"सव्वीसचं असेल, आजारी आहे ना ती."

"तिला मगाच पेज दिली. तिचं ताट मांडलंच नाय मी. तीस मांडली, त्यातलं उरलं."

मी उठले. एकेकीचा चेहरा बघत चालले. नोकरीत पहिल्यांदाच मी नंबर सोडून चेहरे मोजत होते. अठ्ठावीस नंबरच्या रोशनीपाशी आले तर ती डाळीत बोटं घालून तशीच बसलेली, आणि डोळ्यांतून पाणी डाळीत पडतंय.

"रोशनी, सत्तावीस कोण बोललं?"

"मी." हुंदका. "ती म्हनली, उत्तर राहिलंय, आलेच मी मागून. मला वाटलं चढली ती मागच्या दारानं. म्हनून बोलले मी टीचर. ती येतच होती!"

देवा परमेश्वरा! दहा वर्षांची पोर, पोहता येत नाही, पाचूबंदरच्या धक्क्यावर एकटी. आणि दीड तास झालेला.

पास्कलचा घास हातातच राहिला. बस काढली. गासहून पाचूबंदर तसं काही लांब नाही, पण त्या दिवशी वाटेत दोन लग्नाच्या वराती, एक बिघडलेला ट्रक आणि एक गाय. मी पुढच्या काचेला नाक लावून बसलेली. जपमाळ घरी राहिली होती म्हणून बोटांवर जप चालू केला, तोही चुकत होता. डोक्यात नको नको ते. भरती लागली असेल. धक्का शेवाळाचा. तिच्या बापाला काय सांगू? दादा, तुमची मुलगी मोजली होती मी, बरोबर भरली होती? नवसाला नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, बोलले, मेणबत्त्या बोलले, मांसमच्छी सोडते म्हणाले. पास्कल म्हणाला, "टीचर, आधी पोरीला बघू, मच्छी नंतर सोडा." त्याच्यावर ओरडले मी. बिचारा हॉर्न वाजवत राहिला.

धक्क्यावर उतरले आणि पळत सुटले. या वयात, साडी वर धरून. लोक बघतायत. आणि जाळ्यांच्या ढिगाऱ्याशेजारी, एका उपड्या होडीच्या सावलीत, माझी सत्तावीस नंबर मांडी घालून बसलेली. पुढ्यात ॲल्युमिनियमची थाळी, भात आणि बोंबलाचं कालवण. शेजारी एक म्हातारी कोळीण जाळं शिवतेय.

मी काही बोलायच्या आत म्हातारीच माझ्यावर धावली. "तू गो टीचर? कसली गो तू टीचर? पोरगी कवाची बसलीय हितं! इचारलं तं म्हनते, टीचरनं सांगितलंय, उत्तर घेतल्याबिगर येयाचं नाय. येवढंसं कार्ट, त्याला असं सांगतात?"

रेजिनाबाय तिचं नाव, ते नंतर कळलं. दर्शना उठली, खरकटा हात मागे लपवून म्हणाली, "टीचर, अजून बोट नाय आली. तांडेलच सांगेल म्हनले. उत्तर नाय मिळालं अजून." तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य, बोट चालवणारा. तिने चार बायकांना विचारलं होतं. चौघींनी सांगितलं, हे तांडेलाला विचार, तो भरतीबरोबर येईल. म्हणून ती भरतीची वाट बघत बसली होती. शिट्टी ऐकली होती तिने. पण शिट्टी मोठी की नियम मोठा? नियम मी दर शनिवारी म्हणवून घेत होते. शिट्टीबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं.

माझा हात वर गेला होता. खरंच मारणार होते मी तिला. तो हात तिच्या डोक्यावर कसा आला आणि मी तिथेच वाळूत बसून ढसाढसा कधी रडायला लागले ते मला कळलं नाही. दर्शना अजून मला फोनवर सांगते, "टीचर, मी नव्हते रडले. तुम्ही रडला होता." बरोबर आहे तिचं. असं हलकं वाटलं होतं मला, जसं बारा तास डोक्यावर धरलेला हंडा कोणी उतरवून घ्यावा.

शाळेत फोन केला, "सापडली. जेवतेय." तिकडून सुनंदाताईंचा आवाज, "कोनाच्या घरी?" मग त्याही रडल्या.

मी दर्शनाला म्हटलं, "चल." रेजिनाबाय म्हणाली, "आता कुठं चाललीस? येवढा वेळ पोरगी बसली ती फुकट? ती बघ बोट. बस हितं." आणि माझ्यापुढेही थाळी सरकवली. मच्छी सोडायचं बोलून पुरता तास झाला नव्हता. मी देवाला म्हटलं, सोमवारपासून सोडते, आणि जेवले. त्या कालवणाची चव अजून तोंडात आहे.

बोट आली. तांडेल म्हणजे रेजिनाबायचाच मुलगा, काळाकभिन्न, दमलेला. दर्शनाने चिठ्ठी काढली आणि वाचून विचारलं. तो हसला. "आता मशीन हाय, बाय. बटन दाबलं का वाट दिसते." तिचा चेहरा पडला. तेवढ्यात म्हणाला, "पन मशीन बंद पडलं तं? तवा बापानं शिकवलेलं लागतं. जरा पुसट दिसाया लागलं का दोन खुना शोधायच्या. येक जवलची, येक लांबची. जवलचा किल्ल्याचा बुरूज, लांबचा त्या डोंगराचा माथा. दोनी येकामागं येक आल्या का समजायचं, वाट बरोबर. येक बाजूला सरकली का आपन चुकलो." तिने विचारलं, "एकच खून धरली तर?" तो म्हणाला, "येक खून कुठूनपन दिसते गो. येकीच्या भरवशावर जाशील तं खडकावर जाशील."

दर्शनाने ते सगळं चिठ्ठीच्या मागे लिहून घेतलं आणि मगच बसमध्ये चढली.

संध्याकाळी सरांनी मला ऑफिसात बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बाहेरचा शनिवार बंद." मी मान हलवली. मग म्हणाले, "पोरगी सुखरूप आहे. घरी कळवायची गरज नाही."

इथे मी अडले. खूप वर्षांपूर्वी एक पोरगी आमच्या पेरूच्या झाडावरून पडली होती. हात मुरगळला, बरा झाला, आम्ही घरी कळवलं नाही. बापाला आठवडी बाजारात तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तो रिकामी पिशवी घेऊन आला, माझ्याशी एक शब्द बोलला नाही, मुलीला घेऊन गेला. पडण्याचा राग नव्हता त्याला, लपवण्याचा होता. हुशार होती ती. तिची रिकामी कॉट मला वर्षभर बघवली नाही. तेव्हा मी सरांना म्हटलं, "कळवणार. मीच फोन करते." ते म्हणाले, "मग परिणामही तुम्हीच बघा."

दर्शनाच्या बाबांना फोन केला. काही न लपवता सगळं सांगितलं, नियमाचं, मोजणीचं, दीड तासाचं. ते एवढंच म्हणाले, "येतो उद्या."

रविवारी मी गेटपाशी खुर्ची टाकून बसले. अकराच्या सुमाराला वळणावर ते दिसले. पांढरा शर्ट, पायांत स्लिपर, आणि हातात घडी घातलेली रिकामी पिशवी.

त्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, "दादा, चूक माझी आहे. शंभर टक्के माझी. मला काय बोलायचं ते बोला. पण तिला नेऊ नका."

ते पाण्याच्या पेल्याकडे बघत म्हणाले, "टीचर, तुमी लपवलं नाय, हे बरं केलं. पन घरात तिची आय रात्रभर झोपली नाय. म्हनते, शिकून काय करायचं, पोर जित्ती पायजे." तिच्या आईच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मी दर्शनाला बोलावलं आणि तिला बापाबरोबर सोडून बाजूला उभी राहिले. कपडे आवरायला सांगतील आता, असं धरून चालले होते.

दर्शनाने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, गच्चीवर चला. दाखवते काय तरी." मला वाटलं, पोरगी वेळ काढतेय. मीही मागून चढले.

आमच्या गच्चीवरून पूर्वेला नालासोपाऱ्याच्या बिल्डिंगी दिसतात आणि त्यांच्या डोक्यावरून तुंगारेश्वरचा डोंगर. तिने बापाला कठड्याच्या एका कोपऱ्यात उभं केलं. तिथे खडूने दोन पावलं काढलेली होती. "इथं पाय ठेवा. आता बघा. समोर तो शेंडा मोडलेला माड, ती जवळची खून. त्याच्या मागं डोंगराची ती खालची बाजू, जिथं खिंड हाय, ती लांबची. दोन्ही एकामागं एक आल्या ना? त्या रेषेत सरळ गेलं का आपलं घर." शनिवारी संध्याकाळी, मी सरांपुढे उभी होते तेव्हा, ती इथे येऊन हे करत होती.

ते बराच वेळ बघत राहिले. डोळे बारीक केले. मग म्हणाले, "नाय गं. चुकलं."

"कुठं चुकलं?"

"आपन डोंगराच्या पाठीमागं ऱ्हातो. तिकडून खिंड डाव्या अंगाला दिसते. मंग हिकडून कुठं दिसंल? उजव्या. तू डावीकडं धरलीस. ती खिंड आपली नव्हं, ती बघ आपली. सरक जरा." त्यांनी तिला खांद्याला धरून दोन पावलं सरकवलं, गुडघे वाकवून तिच्या उंचीवर आले आणि तिच्या गालाला गाल लावून बघितलं. "आन् माड नको धरू. माड उद्या कोन पन तोडंल. तो मोबाईलचा टावर धर. हां. आता बरोबर. आता थेट आपल्या पडवीत."

तिने खडू काढला, जुनी पावलं पुसली, नवी काढली.

खाली उतरून पायरीवर बसून त्यांनी स्लिपर घातल्या. मग रिकामी पिशवी उचलून मला म्हणाले, "हिच्या आयला काय सांगू? रिकामी पिशवी तशीच घेऊन गेलो तं म्हनंल, गेलताच कशाला."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. कळलं तशी मी आत धावले. पाचूबंदरची वाळक्या बोंबलांची पिशवी तशीच खुंटीला होती. सगळे बोंबील त्यांच्या पिशवीत ओतले. मच्छी सोडायचीच होती, या निमित्ताने थोडी सुटली.

बाहेरचा शनिवार दोन महिने बंद होता. मग सरांनीच, कोणी विचारलं नसताना, चालू करायला सांगितलं. सुनंदाताई सोबत येतील या अटीवर. नियम बदलला: उत्तर मिळो न मिळो, शिट्टी झाली की परत. आणि मोजणीही बदलली. ती मात्र मी त्याच रविवारी बदलली, दर्शनाचे बाबा निघायच्या वेळी.

मुलींना रांगेत उभं केलं आणि सांगितलं, आजपासून लांबून ओरडायचं नाही. एकेकीने माझ्यासमोर यायचं, माझ्या हातावर टाळी द्यायची, माझ्याकडे बघायचं आणि नंबर बोलायचा. दुसरीच्या हाताची टाळी कोणाला देता येत नाही. एक, टाळी. दोन, टाळी. माझा तळवा लालबुंद व्हायला लागला. गेटपाशी दर्शनाचे बाबा पिशवी काखेत घेऊन उभे. त्यांची एसटी चुकेल म्हणून मी हाताने खूण केली, निघा आता. ते हलले नाहीत. पंचवीस. सव्वीस, ताप उतरलेली, जरा हळू टाळी.

मग दर्शना आली. माझ्याकडे बघून तिने एवढ्या जोरात टाळी दिली की मी कळवळले, आणि गेटच्या बाजूला तोंड करून ओरडली, "सत्तावीस!"

तेवढं ऐकून ते निघाले.